दोन लॅन कार्डांचा सर्व्हर: पिंग होतं, पण पान उघडत नाही

प्रश्न थोडक्यात असा. कारखान्यातल्या उबुंटू सर्व्हरला दोन लॅन कार्डं आहेत. एकाला ऑफिसच्या नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.१०.५, दुसऱ्याला शॉपफ्लोअरचा, १९२.१६८.२०.५. दोन्हीकडे डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जाणारी पॅकेटं ज्याच्याकडे द्यायची तो पत्ता) भरलेला, १०.१ आणि २०.१ (पत्त्यांचे शेवटचे दोनच आकडे लिहितोय), आणि हे दोन्ही पत्ते एकाच फायरवॉलचे, म्हणजे दोन नेटवर्कांमधल्या पहारेकऱ्याचे. ऑफिसमधून रिपोर्टचं पान झटक्यात उघडतं. शॉपफ्लोअरच्या पीसीवरून (१९२.१६८.२०.४०) सर्व्हरच्या १०.५ ला पिंग (‘आहेस का?’ एवढंच विचारणारं छोटं पॅकेट) होतं, पण ब्राउझरमध्ये नुसतं चक्र फिरत राहतं. दुसरं कार्ड बंद केलं की सगळं सुरळीत. कार्ड बदललं, केबल बदलली, स्विचचं पोर्टही बदलून पाहिलं. आता काय करायचं?

आधी एक सांगतो: नवीन कार्ड परत करून पैसे मिळत असतील तर घ्या. जुनं कार्ड, केबल, स्विच, तिघंही निर्दोष आहेत.

दोन कार्डं लावताना जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक चित्र असतं: पॅकेट ज्या कार्डातून आत आलं, त्याच कार्डातून उत्तर बाहेर जाणार. माझ्याही मनात बरीच वर्षं तेच होतं. लिनक्सच्या मनात ते नसतं. उत्तर पाठवताना लिनक्स फक्त एवढंच बघतो की पत्र कोणाला जायचंय, आणि त्या पत्त्याकडे जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता कुठला. पाहुणा पुढच्या दाराने आला होता की परसदाराने, याची नोंद तो ठेवत नाही. परसदार जवळ असेल तर पाहुण्याची पाठवणी तिथूनच.

आता तुमचं एक पॅकेट हाताला धरून चालवून बघू. शॉपफ्लोअरच्या पीसीला १०.५ कडे जायचंय. तो पत्ता त्याच्या नेटवर्कमधला नाही, म्हणून पीसी ते पॅकेट फायरवॉलकडे (२०.१) देतो. फायरवॉल नियम तपासते, नोंदवहीत लिहून ठेवते की ‘हे कनेक्शन सुरू होतंय’, आणि पॅकेट ऑफिसच्या बाजूने सर्व्हरला पोचवते. वेबपान टीसीपीवर चालतं, आणि टीसीपी तीन पावलांत कनेक्शन जोडतं. हे झालं पहिलं पाऊल, सिन. सर्व्हर उत्तर तयार करतो, सिन-अ‍ॅक. कोणाला पाठवायचंय? २०.४० ला. राउटिंग टेबल (सर्व्हरकडची रस्त्यांची यादी) म्हणतं, २० चं नेटवर्क तर दुसऱ्या कार्डाला थेट जोडलेलं आहे, मग फायरवॉलकडे कशाला जायचं? उत्तर दुसऱ्या कार्डातून सरळ पीसीकडे जातं. पीसी खूश, त्याच्या दृष्टीने कनेक्शन झालं. तो तिसरं पाऊल, अ‍ॅक, परत फायरवॉलमार्गे पाठवतो. आणि फायरवॉल अडून बसते. तिच्या नोंदवहीत सिन आहे, पण सिन-अ‍ॅक तिने पाहिलेलाच नाही. मधलं पान फाटलेल्या वहीवर ती विश्वास ठेवत नाही. अ‍ॅक टाकून दिला जातो.

पिंग का चालतं? कारण पिंगमध्ये तीन पावलांचा हा खेळच नाही. विनंती दर वेळी फायरवॉलमधून जाते, उत्तर दर वेळी परसदाराने येतं, आणि बहुतेक फायरवॉली एवढ्यावर तक्रार करत नाहीत. म्हणून ‘पिंग होतंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हे वाक्य दोन कार्डांच्या मशीनपुरतं तरी विसरून जा. या वाक्यावर माझे जितके तास वाया गेलेत, तितके दुसऱ्या कशावर गेले नसतील.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतील.) सर्व्हरवर पहिली कमांड:

आयपी राउट गेट १९२.१६८.२०.४० फ्रॉम १९२.१६८.१०.५

ही कमांड एकही पॅकेट पाठवत नाही. ती कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, विचारते की असं उत्तर पाठवायचं झालं तर कुठल्या कार्डातून पाठवशील. ‘फ्रॉम’चा भाग बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण आपल्याला १०.५ या पत्त्यावरून निघणाऱ्या उत्तराचाच रस्ता हवाय. तुमच्याकडे इथे दुसऱ्या कार्डाचं नाव येईल. अर्धं निदान इथेच झालं.

उरलेलं अर्धं टीसीपीडंपने करा, म्हणजे कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणाऱ्या कमांडने. दोन टर्मिनल उघडा, एकेका कार्डावर एकेक लावा, ‘डॅश एनएन’ आणि ‘डॅश ई’ हे पर्याय देऊन, आणि होस्ट म्हणून २०.४०. ‘डॅश ई’ महत्त्वाचा, कारण तो मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) दाखवतो. पहिल्या कार्डावर येणारा सिन दिसेल आणि त्याचा पाठवणारा मॅक फायरवॉलचा असेल. दुसऱ्या कार्डावर जाणारा सिन-अ‍ॅक दिसेल आणि त्यावर घेणारा मॅक थेट पीसीचा असेल. आयपी पत्त्यांची जोडी जुळते, मॅकची जुळत नाही. त्यानंतर तोच सिन-अ‍ॅक एक सेकंदाने, मग दोन, चार, आठ, सोळा अशा वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा जाताना दिसेल. लिनक्स मूळ सेटिंगप्रमाणे पाच वेळा आठवण करून देतो. त्याच वेळी सर्व्हरवर कनेक्शनांची यादी दाखवणारी ‘एसएस’ कमांड चालवलीत तर ते कनेक्शन ‘सिन-रिसिव्ह’ अवस्थेत अडकलेलं असेल आणि पीसीवर तसलीच कमांड, नेटस्टॅट, त्यालाच ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणत असेल. एकाच कनेक्शनबद्दल दोन्ही टोकांचं मत वेगळं निघालं, की मधल्या कुणीतरी पॅकेट गिळलंय हे समजायचं.

टीसीपीडंपबद्दल दोन सावधगिऱ्या. आत येणारं पॅकेट त्याला फार लवकर दिसतं, फायरवॉलचे नियम आणि राउटिंगच्या तपासण्या व्हायच्या आधी. म्हणजे टीसीपीडंपमध्ये पॅकेट दिसलं याचा अर्थ ते वायरवरून आलं, इतकाच; सर्व्हरने ते स्वीकारलं असं नाही. दुसरी गोष्ट, टीसीपीडंप कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकतो, म्हणजे दुसऱ्याच्या मॅकसाठी आलेली पॅकेटंही उचलायला लावतो. त्यामुळे काही दोष टीसीपीडंप चालू असेपर्यंत गायब होतात आणि बंद केला की परत येतात. डॉक्टरांसमोर बसलं की ताप उतरतो, तसं. असं झालं तर ‘डॅश पी’ देऊन पुन्हा बघा.

आता आरपी फिल्टर, कर्नलमधली एक तपासणी. ‘तुमच्यासारखंच माझं आहे, पण माझ्याकडे पिंगसुद्धा होत नाही’ असं सांगणारे बरेच असतात. त्यांच्याकडे बहुतेक हे असतं. रिव्हर्स पाथ फिल्टर आलेल्या पॅकेटकडे बघून विचारतो: या पाठवणाऱ्याला मला उत्तर द्यायचं असतं तर मी याच कार्डातून दिलं असतं का? या सेटिंगची किंमत १ असेल आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर पॅकेट निमूटपणे फेकलं जातं. लॉगमध्ये एक अक्षर नाही. किंमत २ असेल तर तो सैल होतो: कुठल्याही कार्डातून त्या पत्त्याकडे रस्ता असला तरी चालतो. ० म्हणजे तपासणीच नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांत ही किंमत मुळात १ असते, त्यामुळे तिथे तुमच्यासारखी रचना केली तर पिंगही मुकं होतं. तुमच्याकडे पिंग होतंय, त्यावरूनच तुमची किंमत १ नाही हे कळतं.

इथे एक खाच आहे. ही किंमत ‘ऑल’साठी वेगळी असते, प्रत्येक कार्डासाठी वेगळी असते, आणि दोन्हींपैकी जी मोठी ती लागू होते. म्हणून कार्डाची किंमत ० करून उपयोग होत नाही; ‘ऑल’मध्ये १ असेल तर १ च लागू. फिल्टर खरंच पॅकेटं खातोय का हे बघायला ‘एनस्टॅट डॅश एझेड’ चालवा आणि ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’ हा आकडा वाढतोय का बघा. ‘लॉग मार्शियन्स’ हे सेटिंग चालू केलंत तर फेकलेली पॅकेटं कर्नलच्या लॉगमध्येही येऊ लागतात. आणि सापडलेल्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे ० करून मोकळे होऊ नका. चोराने कुलूप तोडू नये म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे. २ पुरतं.

उपायाकडे येण्याआधी एक प्रश्न: दुसरं कार्ड खरंच हवंय का? कुणीतरी विचार करून ऑफिस आणि शॉपफ्लोअर यांच्यामध्ये फायरवॉल बसवली, आणि मग आपण दोन्हीकडे पाय ठेवणारा सर्व्हर उभा करून त्या फायरवॉलला बगल दिली. सर्व्हरवर आयपी फॉरवर्ड, म्हणजे एका कार्डातलं पॅकेट दुसऱ्यातून पुढे पाठवणं, चालू असेल (कंटेनर नावाच्या बंद डब्यांत प्रोग्रॅम चालवणारं डॉकर बसवलं की ते स्वतःच हे चालू करतं), तर हा रस्ता अनोळखी पावलांनाही मोकळा होऊ शकतो. दुसरं कार्ड योग्य ठरतं ते मशीनवरच्या कंट्रोलरशी किंवा कॅमेऱ्यांशी असं बोलायचं असेल तेव्हा, जे राउटर ओलांडत नाही, म्हणजे ब्रॉडकास्टवर (नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम हाक मारण्यावर) चालणारं काही. तसं काही नसेल तर दुसरं कार्ड काढा आणि रिपोर्टचं पान फायरवॉलमार्गे जाऊ द्या. सगळ्यात टिकाऊ दुरुस्ती तीच.

कार्ड ठेवायचंच असेल तर सोपा उपाय नावांचा. शॉपफ्लोअरच्या पीसींना सर्व्हरच्या नावाला २०.५ हे उत्तर मिळू द्या, ऑफिसला १०.५. मग दोघंही आपापल्या दारातून येतात आणि त्याच दारातून जातात. पाचदहा पीसी असतील तर होस्ट फाइलमध्ये (पीसीवरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत) एक ओळ टाकूनही भागतं, जरी मला ते आवडत नाही. वर्षभराने कुणी पत्ता बदलला की ती ओळ भूत बनून त्रास देते.

पक्का उपाय म्हणजे पॉलिसी राउटिंग: रस्ता ठरवताना ‘कोणाला’बरोबर ‘कोणत्या पत्त्यावरून’ हेही बघायला लावायचं. त्यासाठी प्रत्येक कार्डाला स्वतःचं वेगळं राउटिंग टेबल द्यायचं. ऑफिसच्या कार्डासाठी टेबल ११० घेऊ. त्यात दोन मार्ग: १९२.१६८.१०.०/२४ त्या कार्डावर थेट, आणि डिफॉल्ट १०.१ मार्गे. मग नियम: आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम १९२.१६८.१०.५ टेबल ११०. शॉपफ्लोअरसाठी १२० क्रमांकाचं टेबल, तसंच. मुख्य टेबलमध्ये मात्र एकच डिफॉल्ट गेटवे ठेवा. दोन डिफॉल्ट गेटवे भरले की एक बंद पडल्यावर दुसरा आपोआप धावून येईल अशी समजूत असते. तसं होत नाही. उबुंटूचं नेटवर्क सेटिंग सांभाळणारा नवीन नेटप्लॅन तर दोन सारखे डिफॉल्ट दिसले की इशाराही देतो, आणि लोक तो वाचत नाहीत.

हे केल्यावर मघाची ‘राउट गेट’ पुन्हा चालवा. आता उत्तर १०.१ मार्गे, ऑफिसच्या कार्डातून, टेबल ११० असं यायला हवं. ‘आयपी रूल’ बघितलंत तर ० वर लोकल टेबल, ३२७६६ वर मेन, ३२७६७ वर डिफॉल्ट आणि तुमचे नियम मेनच्या अगदी वर, ३२७६५ आणि ३२७६४ वर दिसतील. लहान आकडा आधी.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, टेबल ११० मध्ये फक्त डिफॉल्ट टाकायचा आणि स्वतःच्या नेटवर्कचा थेट मार्ग विसरायचा. मग ऑफिसमधल्या शेजारच्या पीसीलाही उत्तर फायरवॉलला वळसा घालून जातं. दुसरी चूक डॉकरवाल्यांची. कंटेनर जर सर्व्हरच्या १०.५ या पत्त्याशी बोलत असेल, तर त्याला जाणारं उत्तरही ‘फ्रॉम १०.५’ या नियमात सापडतं आणि कंटेनरचा १७२.१७ चा पत्ता शोधत फायरवॉलकडे निघतं. या सापळ्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ काढलीय. उपाय: ‘टू १७२.१७.०.०/१६ असेल तर मेन टेबल बघ’ असा एक नियम त्याच्या वर टाकायचा.

वेबपान चाललं म्हणून लगेच चहाला जाऊ नका, यूडीपी (कनेक्शन न जोडताच पॅकेट पाठवणारी पद्धत) तपासा. टीसीपी कनेक्शन ज्या पत्त्यावर आलं त्या पत्त्याला बांधलेलं राहतं, म्हणून ‘फ्रॉम’चा नियम त्याला बरोबर लागतो. यूडीपीचा प्रोग्रॅम ‘सगळ्या पत्त्यांवर ऐकतो’ असं म्हणून बसला असेल आणि कुठल्या पत्त्यावर विचारणा झाली हे लक्षात ठेवत नसेल, तर उत्तराचा ‘फ्रॉम’ कर्नल रस्ता बघून ठरवतो. विचारलं १०.५ ला, उत्तर आलं २०.५ कडून. विचारणारा ते फेकून देतो, कारण या माणसाला त्याने काही विचारलंच नव्हतं. एसएनएमपीने (यूडीपीवरून यंत्रांचे आकडे मागवायची पद्धत) नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत ‘सर्व्हर चालू आहे पण आकडे येत नाहीत’ हे दिसलं की माझा पहिला संशय यावर जातो. अशा सेवेला कॉन्फिगरेशनमध्ये पत्ता नेमून द्या. दोन पत्ते असतील तर दोन ओळी लिहा.

याच्याशी मिळतीजुळती दुसरी व्याधी म्हणजे एकाच नेटवर्कमधली दोन कार्डं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एक सर्व्हर माझ्याकडे आला होता. वेग दुप्पट व्हावा म्हणून दोन्ही कार्डं एकाच स्विचला, पत्ते शेजारशेजारचे. वेग दुप्पट तर झाला नाहीच, उलट काही कॅमेरे मधूनच गायब व्हायचे. लिनक्सच्या दृष्टीने पत्ता कार्डाचा नसतो, मशीनचा असतो. त्यामुळे एका पत्त्याबद्दल एआरपी विचारणा (‘हा पत्ता कुणाच्या मॅकचा?’) झाली की दोन्ही कार्डं हात वर करतात, ‘तो मीच’. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा मॅक समोरचा लिहून घेतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याचा. कर्नलची दोन सेटिंगं, एआरपी इग्नोर १ आणि एआरपी अनाउन्स २, केली की हा गोंधळ आवरतो. पण खरं औषध बॉन्डिंग आहे: दोन्ही कार्डं मिळून एक पत्ता. एक बंद पडल्यावर दुसरं चालावं एवढंच हवं असेल तर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, त्याला स्विचवर काही करावं लागत नाही. दोन्हींचा वेग वापरायचा असेल तर एलएसीपी (अनेक वायरी एक म्हणून वापरायचा स्विचशी केलेला करार), आणि तेव्हा स्विचही ते समजणारा हवा. तरीही एकच मोठी फाइल कॉपी करताना ती एकाच वायरने जाईल. ही अपेक्षा आधीच सांगून ठेवलेली बरी.

विंडोजबद्दलही विचारलं जातं, कारण ‘हीच जोडणी विंडोज सर्व्हरला चालते’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. ते खोटं नाही. १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात दोन्ही वागणुकींची चर्चा आहे: कमकुवत यजमान आणि कडक यजमान (यजमान म्हणजे होस्ट, नेटवर्कवरचं मशीन). लिनक्स पहिल्या प्रकारचा. विंडोज व्हिस्टापासून दुसऱ्या प्रकारचा. त्यात उत्तराचा पत्ता ज्या कार्डाचा, त्याच कार्डाचे मार्ग बघितले जातात. म्हणून तुमची अडचण विंडोजवर कदाचित दिसलीच नसती.

विंडोजवरची नेहमीची तक्रार वेगळी असते, आणि ती बहुधा चाकण-रांजणगावच्या कुठल्याही मेंटेनन्स इंजिनिअरच्या लॅपटॉपवर भेटेल: मशीनच्या कंट्रोलरला लॅनची वायर लावली की वायफायवरचं इंटरनेट बंद. वायरच्या कार्डाला कुणीतरी डिफॉल्ट गेटवे भरलेला असतो आणि वायरचं मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम, लहान आकडा आधी) वायफायपेक्षा कमी असतं, म्हणून सगळं जग मशीनच्या दिशेने निघतं. गेटवेची जागा रिकामी ठेवा, संपला विषय. मशीनच्या पलीकडे आणखी एखादं नेटवर्क गाठायचं असेल तर तेवढ्यापुरता कायमचा मार्ग ‘राउट डॅश पी अ‍ॅड’ने घाला.

तुमच्या सर्व्हरकडे परत येऊन, बदल करतानाची एक गोष्ट. मी एकदा दूरच्या गावातल्या सर्व्हरवर, घरी बसून, नेमका ज्या कार्डावरून लॉगिन होतो त्याचाच गेटवे बदलला. बसलो होतो ती फांदी तोडली. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून जावं लागलं आणि तिथे गेल्यावर काम दोन मिनिटांचं निघालं. तेव्हापासून उबुंटूवर मी ‘नेटप्लॅन अप्लाय’ थेट देत नाही, ‘नेटप्लॅन ट्राय’ देतो. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाहीत तर तो जुनं सेटिंग परत आणतो. अर्थात ट्रायवरही डोळे मिटून भिस्त नको; रॅकजवळ कुणीतरी फोनवर हजर असू द्या. आणि त्याला ‘डावीकडचं पोर्ट’ असं सांगू नका. ‘ईथटूल डॅश पी’ आणि कार्डाचं नाव द्या. त्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागेल. ज्याचा दिवा लुकलुकतोय त्याच केबलला हात लावायला सांगा.